दुसरी फळी

एखाद्या संस्थेचे मोठेपण तिच्या भरभराटीच्या दिवसांत कळून येत नाही. तिचा कर्ता पुरुष एकाएकी नाहीसा झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे दार उघडावयास कोण पुढे येतो, यावरूनच ती जोखावी लागते. गोमंतकाच्या अर्वाचीन इतिहासात हा कसोटीचा दिवस १२ ऑगस्ट १९७३ रोजी उगवला. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बाळकृष्ण बांदोडकर हे अधिकारपदावर असतानाच निवर्तले. त्यांचे वय ६२ वर्षांचे होते. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जागी त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांचा शपथविधी झाला. त्या ३८ वर्षांच्या होत्या. वडील आणि मुलगी दोघांचाही जन्म पेडण्याचा. आणि शशिकलाताई विधानसभेत प्रतिनिधित्व करीत होत्या ते शेजारच्या डिचोलीचे.

बापाची गादी लेकीला मिळाली, असा या घटनेचा सोपा अर्थ लावता येतो, आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. परंतु तेवढ्यावर थांबल्यास एक मोलाचा प्रश्न हातचा निसटतो. नेतृत्व घडते कसे? कोणा जाणत्याच्या हाताखाली ते तयार करता येते काय? आणि तयार झालेली माणसे संस्थेला तारतात, की संस्था बुडाल्यावर आपापल्या वाटेने तरून जातात? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे भाऊसाहेब बांदोडकरांच्या पक्षाच्या इतिहासात सापडतात. आणि ती केवळ राजकारणापुरती नाहीत.

प्रथम हे ध्यानी घ्यावयास हवे की, १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा लोकशाहीतील नेतृत्व शिकविणारी शाळाच तेथे नव्हती. पोर्तुगीज सत्ता ४५१ वर्षे नांदली आणि तिची अखेरची काही दशके तर सालाझारच्या हुकूमशाहीत गेली. ब्रिटिश हिंदुस्थानात नगरपालिका, जिल्हा लोकल बोर्डे आणि कायदेमंडळे यांच्या पायऱ्या चढत दोन पिढ्या कारभार शिकल्या. हरताना शिकल्या, तुरुंगात शिकल्या, अंदाजपत्रकावर वाद घालताना शिकल्या. गोमंतकीयांच्या वाट्याला त्या पायऱ्या आल्या नाहीत. त्यातही पेडणे, डिचोली, सत्तरी हे नव्या काबिजादीतील महाल. ते पोर्तुगिजांकडे गेले तेच मुळी अठराव्या शतकाच्या अखेरीस. तेथे भाटकार आणि कूळ, मालक आणि मुंडकार अशी समाजाची घडी होती. आज्ञा देणारे थोडे आणि ती झेलणारे पुष्कळ, अशा घडीत नेते निपजण्यास वाव कितीसा असणार?

तथापि शाळा नव्हती म्हणून शिक्षण अगदीच नव्हते, असे मात्र नाही. त्या मुलखात शिकण्याची एक जुनी रीत होती, आणि ती रंगभूमीवर पाहावयास मिळत असे. पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंतच्या गावांत दशावतारी मंडळी जत्रेच्या रात्री देवळासमोर उभी राहतात. त्यांच्यापाशी लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते लावावयाचे हे ठरते, कोणी कोणते सोंग घ्यावयाचे ते ठरते, आणि संवाद रंगभूमीवर उभे राहूनच जुळवावे लागतात. अशा मंडळीत नवखा मुलगा येतो तो राजा होऊन येत नाही. तो पेटारे उचलतो, जाणत्या नटाचे बोलणे रात्रीमागून रात्री ऐकतो, मग एखादे किरकोळ सोंग घेतो. एका रात्री मुख्य नट त्याच्यापुढे अनपेक्षित प्रश्न टाकतो आणि उत्तरासाठी थांबतो. त्या थांबण्यातच त्याचे शिक्षण असते. नटाने स्वतःच उत्तर देऊन टाकले तर प्रयोग निभावतो, पण मुलगा जन्मभर पेटारेवालाच राहतो.

शिष्य घडविण्याचे सारे मर्म या एका रीतीत साठविलेले आहे. नवख्याला जवळ ठेवावयाचे, ऐकू द्यावयाचे, त्याच्या आवाक्याहून किंचित मोठे काम द्यावयाचे, आणि मग आपण गप्प राहावयाचे. यांतील पहिल्या तीन गोष्टी पुष्कळांना साधतात. चौथी फार थोड्यांना साधते.

भाऊसाहेबांना स्वतःला राजकारणातला गुरू लाभला नव्हता. पेडण्यातील सामान्य परिस्थितीतून वर येऊन त्यांनी खाणव्यवसायात नाव मिळविले होते. १९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिली निवडणूक आली. त्या निवडणुकीत ते स्वतः उमेदवार नव्हते. पक्षाने उभे केले ते दुसऱ्यांना. आणि पक्षाला सत्ता मिळाल्यानंतर ते मुख्यमंत्री झाले व मागाहून मडकई येथील पोटनिवडणुकीत निवडून आले. २० डिसेंबर १९६३ रोजी अधिकारावर आलेले हे पहिले मंत्रिमंडळ अवघे तिघांचे होते : स्वतः बांदोडकर, विठ्ठल करमली आणि टोनी फर्नांडिस. विधानसभा कशी चालते, हे यांच्यापैकी कोणालाच अनुभवाने ठाऊक असण्याचा संभव नव्हता, कारण तशी विधानसभा गोव्यात त्यापूर्वी नव्हतीच. सगळेच नवशिके, आणि प्रयोग मात्र पहिल्या दिवसापासून भरल्या मांडवात!

पुढील दहा वर्षांत या पक्षाने चढउतार पुष्कळ पाहिले. महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की नाही, या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमताचा कौल घेण्यात आला. तो निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून मंत्रिमंडळाने आधीच अधिकार सोडला होता. कौल विलीनीकरणाच्या विरुद्ध गेला. ज्या हेतूने पक्ष जन्मला तो हेतूच मतदारांनी नाकारला. आणि तरीही दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी त्याच पक्षाला पुन्हा अधिकारावर बसविले. कूळ कायदा आणि गावोगावच्या मराठी शाळा यांनी बहुजन समाजाच्या घराघरांत पक्षाची मुळे रुजविली होती, हाच याचा अर्थ.

असा पाया लाभल्यावर दुसरी फळी उभी करणे हे ओघानेच आले. १९७२ च्या निवडणुकीनंतर भाऊसाहेबांनी जे मंत्रिमंडळ बनविले, त्यात या दृष्टीने दोन नावे लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिले शशिकलाताईंचे. मुंबई विद्यापीठाची एम. ए. ही पदवी घेतलेल्या या बाई डिचोलीतून निवडून आल्या आणि राज्यमंत्री झाल्या. दुसरे नाव सत्तरीचे तरुण आमदार प्रतापसिंह राणे यांचे. अमेरिकेत शिकून आलेल्या राण्यांचे वय तेव्हा ३३ वर्षांचे होते. एक आपल्या घरातली, दुसरा सत्तरीच्या नामांकित राणे घराण्यातला. दोघांनाही मंत्रिमंडळाच्या मेजाभोवती बसवून कारभार दाखविण्यात आला. राज्यमंत्र्याचे पद हे उमेदवारीला फार सोयीचे असते. निर्णयाची जबाबदारी असते, परंतु चुकीचा सगळा भार एकट्याच्या शिरावर पडत नाही. फाईल वाचावी लागते, सचिवाला प्रश्न विचारावे लागतात, सभागृहात उत्तर द्यावे लागते. आणि हे सारे चालले असता मागे कोणीतरी जाणते उभे असते.

ही उमेदवारी दीड वर्षदेखील पुरी झाली नाही. भाऊसाहेब गेले आणि मागे उभे असलेले माणूस नाहीसे झाले. त्या काळी भारतात स्त्री मुख्यमंत्री म्हणजे अपूर्वाईची गोष्ट होती. उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी आणि ओरिसात नंदिनी सत्पथी, एवढ्या दोघीच त्यांच्या आधी त्या पदावर बसल्या होत्या. वडिलांच्या पुण्याईवर ही बाई किती दिवस निभावणार, असे म्हणणारे त्या वेळी अनेक असतील. त्यांना उत्तर मिळाले ते कामातून.

कुळांना संरक्षण देणारा कायदा बांदोडकरांच्या राजवटीत १९६४ साली झाला होता. त्याने कुळाला जमिनीवरून सहजासहजी हुसकता येईनासे झाले. पण जमीन कुळाची झाली नव्हती. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराच्या डोक्यावरची टांगती तलवार तर तशीच होती. शशिकलाताईंच्या कारकिर्दीत १९७५ साली मुंडकार कायदा झाला, आणि १९७६ साली कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती होऊन कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानण्यात आले. जमीनदारांनी ही दुरुस्ती न्यायालयात नेली आणि झगडा पुष्कळ काळ चालला. पण दिशा ठरून गेली. गुरूने अर्धे सोडलेले काम शिष्याने पुरे करावयास घ्यावे, आणि ते गुरूच्या पुढे एक पाऊल टाकून घ्यावे, यापेक्षा उमेदवारी फळाला आल्याची दुसरी खूण कोणती? १९७७ च्या निवडणुकीत पक्ष त्यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा विजयी झाला. या वेळी भाऊसाहेब प्रचाराला नव्हते.

येथवरची हकीकत यशाची आहे. यापुढची तितकीच शिकण्याजोगी आहे, पण ती निराळी आहे.

१९७० सालीच, म्हणजे भाऊसाहेबांच्या हयातीत, पक्षातील आमदारांच्या एका गटाने उघड बंड केले होते. विरोधी बाकांवरील काही सदस्यांच्या आधाराने ते सरकार तगले. बंड मोडले, पण ते का झाले, याचा विचार पक्षात मुरला असे पुढच्या इतिहासावरून दिसत नाही. १९७९ च्या एप्रिलमध्ये शशिकलाताईंच्या पक्षातील मोजक्या आमदारांनी साथ सोडली आणि सरकार पडले. १९८० च्या जानेवारीत निवडणूक झाली तेव्हा तीस जणांच्या सभागृहात पक्षाला केवळ सात जागा मिळाल्या. मुख्यमंत्री झाले ते प्रतापसिंह राणे, पण दुसऱ्या पक्षाचे. भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळात कारभार शिकलेला हा तरुण तोवर काँग्रेसमध्ये गेला होता. निवडणुकीनंतर स्वतः शशिकलाताईही पक्षातील बहुतेक आमदारांसह काँग्रेसमध्ये गेल्या. पेडणे महालातील मांद्र्याचे रमाकांत खलप यांसारखे अगदी थोडे मागे उरले.

या घटनांची बेरीज केली तर एक विलक्षण चित्र दिसते. १९६३ पासून १९९० पर्यंत, राष्ट्रपती राजवटीचे काही महिने वगळल्यास, गोव्याचा कारभार पाहणारी बहुतेक माणसे एकाच आखाड्यातून निघालेली होती : आधी स्वतः वस्ताद, मग त्यांच्या तालमीत तयार झालेली दोन माणसे. एका व्यक्तीच्या पारखीला याहून मोठी पावती नाही. परंतु ज्या पक्षासाठी ही पारख खर्ची पडली तो पक्ष मात्र खचत गेला. १९८९ च्या निवडणुकीत खलपांच्या पिढीने त्याला पुन्हा उभे करून चाळीसपैकी अठरा जागांपर्यंत नेले. पुढे पक्षांतरांच्या लाटेत तेही विस्कटले. स्वगृही परतलेल्या शशिकलाताई १९९० साली शिक्षणमंत्री झाल्या आणि प्राथमिक शाळांना अनुदान द्यावयाचे ते मराठी-कोकणीच्या माध्यमालाच, असा निर्णय त्यांनी घेतला. म्हणजे व्यक्तीतला कस अखेरपर्यंत शाबूत होता. संस्थेतला ओसरला होता. २०२२ च्या निवडणुकीत या पक्षाच्या दोन जागा आल्या.

असे का व्हावे? माणसे निवडणारे एक, शिकविणारे तेच, जबाबदारी वाटणारे तेच, आणि चुकले तर कान धरणारेही तेच. जोवर ते होते तोवर सारे सुरळीत चालले. पण निवडीची रीत पक्षाची झाली नाही. ती एका माणसाच्या नजरेत राहिली, आणि नजर काही वारसाने देता येत नाही. ज्यांची निवड झाली ते पुढे आले. ज्यांची झाली नाही, त्यांना आपली पाळी कधी येईल आणि ती कशाने येईल, हे सांगणारा कोणताच नियम नव्हता. ज्याला वाट दिसत नाही तो कुंपण ओलांडतो, हा मनुष्यस्वभाव आहे. पक्ष सोडणाऱ्यांना दोष देणे सोपे. परंतु दार कोठे आहे हे त्यांना कोणी दाखविले होते काय, हेही विचारले पाहिजे.

या ठिकाणी महाराष्ट्रातील एका जुन्या परंपरेशी तुलना उद्बोधक होईल. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली गोपाळ कृष्ण गोखले सुमारे चौदा वर्षे घडले. सार्वजनिक सभेचे चिटणीसपद आणि तिच्या त्रैमासिकाचे काम विशीतल्या गोखल्यांवर टाकण्यात आले. लिहिलेला मजकूर रानडे तपासत आणि तो सहजासहजी पसंत करीत नसत. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले, तेव्हा त्यांच्या आकड्यांमागे या शिस्तीचे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्या साहाय्याचे बळ होते. येथपर्यंत ही गोष्टसुद्धा एका गुरूची आणि एका शिष्याचीच आहे. परंतु गोखल्यांनी पुढचे पाऊल टाकले. आपल्याला जे भाग्याने लाभले, ते दुसऱ्यांना नियमाने लाभावे, म्हणून त्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला आणि नव्या सभासदाने पाच वर्षे उमेदवारी केलीच पाहिजे, असा दंडक घातला. गांधीजींना समाजात घ्यावे अशी खुद्द गोखल्यांची इच्छा होती. परंतु सभासदांत मतभेद दिसून आला, आणि गांधीजी समाजाबाहेरच राहिले. संस्थापकाची इच्छाही जेथे सर्वांच्या विचाराखाली येते, ती संस्था संस्थापकामागे जगण्यास लायक होते. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले गेले. त्यांच्या जागी श्रीनिवास शास्त्री आले, त्यांच्यानंतर देवधर, त्यांच्यानंतर हृदयनाथ कुंझरू. यांपैकी एकही गोखल्यांच्या घरातला नव्हता. ठक्कर बाप्पा आणि ना. म. जोशी यांच्यासारखी माणसे याच समाजातून आदिवासींच्या व कामगारांच्या सेवेला गेली.

राजकीय पक्ष आणि सेवासंस्था यांत अंतर आहे, हे खरे. पक्षाला दर पाच वर्षांनी मतदारापुढे उभे राहावे लागते. सेवासंस्थेला तो जाच नसतो. पाच वर्षे उमेदवारी करावयास पक्षाचा कार्यकर्ता थांबणार नाही. परंतु तत्त्व दोहोंकडे एकच आहे. गुरूने शिष्य घडविला तर एक पिढी तरते; शिष्य घडविण्याची रीत संस्थेने अंगी लावून घेतली तर संस्था तरते.

आज हा प्रश्न पणजीच्या विधानसभेपेक्षा पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील लहान लहान संस्थांपुढे अधिक निकडीने उभा आहे. गावोगाव सहकारी सोसायट्या आहेत, देवस्थान समित्या आहेत, शिक्षणसंस्था आहेत, भजनी आणि नाट्य मंडळे आहेत. त्यांतील किती संस्थांत वीस-वीस वर्षे एकच अध्यक्ष आणि एकच खजिनदार नांदत असतात! त्यांच्या कळकळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हिशेबाची वही दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही, सरकारी कचेरीत कोणाला भेटावयाचे हे दुसऱ्या कोणाला माहीत नसते, आणि मग ‘तरुण पुढे येत नाहीत’ अशी तक्रार ऐकू येते. तरुणांना खुर्च्या मांडण्याचे काम दिले आणि खुर्चीवर बसण्याचे दिले नाही, तर ते पुढे यावेत कसे?

ग्रामपंचायतींची गोष्ट याहून नाजूक आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींतील किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या. ज्या डिचोलीने पाच दशकांपूर्वी एका स्त्रीला निवडून देऊन मुख्यमंत्रिपदापर्यंत जाताना पाहिले, तेथे या तरतुदीचे नवल वाटण्याचे कारण नाही. परंतु कायद्याने जागा मिळते. जाण मिळत नाही. देशात कितीतरी ठिकाणी सरपंच बाई सही करते आणि कारभार तिचा नवरा हाकतो, हे उघड गुपित आहे. तिला अडाणी म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. माजी सरपंचाने, अनुभवी पंच सभासदाने, पंचायतीच्या सचिवाने तिला अंदाजपत्रक समजावून द्यावे. ग्रामसभेत अवघड प्रश्न आला तर तिच्या वतीने चटकन उत्तर न देता तिला बोलू द्यावे. पहिल्या सभेत ती अडखळेल. दुसऱ्या सभेत कागद हाती घेऊन बोलेल. तिसऱ्या सभेत तिलाच प्रश्न सुचतील.

कोणत्याही संस्थेला यासाठी पैसा लागत नाही. प्रत्येक पदाधिकाऱ्यामागे एक उमेदवार नेमावा आणि त्याचे नाव सर्वांना माहीत असावे. वर्षातून काही काम सर्वस्वी त्याच्यावर सोपवावे. चूक झाली तर ती चारचौघांत नव्हे, एकान्तात दाखवावी. काम चांगले झाले तर त्याचे श्रेय मात्र चारचौघांत द्यावे. पदाची मुदत आधी ठरलेली असावी आणि ती पाळली जावी. सर्वांत अवघड अट शेवटची आहे. मुदत संपल्यावर जुन्याने गावातच राहावे, बोलावले तर सल्ला द्यावा, आणि न बोलावता ढवळाढवळ करू नये. कर्त्या माणसाला कर्तेपण सोडवत नाही. आपण बाजूला झालो तर सारे कोसळेल, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असते. ते कोसळणार असेल, तर आपण इतकी वर्षे काय उभारले, हा प्रश्न त्याने आपल्याशीच करावा. आणि उत्तर समाधानकारक न वाटल्यास येत्या सभेत आपल्या शेजारी एका तरुणाला किंवा तरुणीला बसवून घ्यावे.